सायकलस्वाराचे हातमोजे: कशापासून वाचवतात आणि कशापासून नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सहा महिन्यांपासून रोज तासभर आणि सुट्टीच्या दिवशी तीन-चार तास सायकल चालवतात. हेल्मेट न चुकता घालतात, पण हातमोज्यांविषयी त्यांना दोन टोकाची मते ऐकायला मिळाली. एक मित्र म्हणतो की हातमोज्यांशिवाय सायकलला हातच लावू नये, तर दुसरा म्हणतो की ती निव्वळ हौस आहे. त्यांनी जाड जेलचे हातमोजे घेतले, तरीही लांबच्या फेरीनंतर करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते. तेव्हा संरक्षणासाठी हातमोजे खरोखर घालावेत का, असे त्यांनी विचारले आहे.

हात आणि मनगट यांच्या दुखापतींनंतर रुग्णांना पुन्हा कामाला लावणे हा गेली २२ वर्षे माझा व्यवसाय आहे, आणि त्याहून अधिक काळ मी स्वतः सायकल चालवतो. माझे उत्तर 'होय, घालावेत' असे आहे. मात्र तुमच्या दोन मित्रांचा वाद मिटत नाही, याचे कारण 'संरक्षण' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. पडल्यावर तळहाताची कातडी वाचणे ही एक, पडल्यावर मनगटाचे हाड वाचणे ही दुसरी, आणि न पडताही तासन्‌तास हँडलवर टेकून राहिलेल्या हाताची नस वाचणे ही तिसरी. हातमोजे पहिले काम उत्तम करतात, दुसरे जवळजवळ करतच नाहीत, आणि तिसऱ्या कामात ते कधी मदत करतात तर कधी चक्क अपाय करतात. तुम्ही विचारले आहे पहिल्याविषयी, पण तुमची तक्रार तिसऱ्यातली आहे, म्हणून तिन्ही गोष्टी क्रमाने घेतो.

तोल जाऊ लागताच हात पुढे येतो, आणि तो विचार करून आणलेला नसतो. डोके आणि छाती वाचवण्यासाठी शरीर ही हालचाल इतक्या झटकन करते की ती आवरणे जवळपास अशक्य असते. अनेक पडण्यांमध्ये, विशेषतः वळणावर रेती असताना किंवा थांबताना पाय वेळेवर खाली न टेकल्यामुळे कमी वेगात पडल्यास, हेल्मेट जमिनीला लागतही नाही, पण तळहात मात्र लागतोच. तळहाताची कातडी जाड असते खरी, पण पकड चांगली बसावी म्हणून ती आतल्या पडद्याला असंख्य बारीक तंतूंनी जखडलेली असते. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून हलवून पाहा आणि मग तळहाताची हलवून पाहा, म्हणजे फरक लगेच जाणवेल. जी कातडी सरकत नाही ती रस्त्यावर घासली गेली की सोलून निघते, आणि संवेदनेचे तंतू तेथे दाटीने असल्यामुळे वेदनाही तितकीच तीव्र होते.

काही वर्षांपूर्वी अगदी जवळच्या कामासाठी निघालो असताना मी हातमोजे घरीच ठेवले होते. वळणावर पसरलेल्या बारीक खडीवरून पुढचे चाक सरकले. वेग ताशी १५ किलोमीटरसुद्धा नसेल. दोन्ही तळहातांची मनगटाजवळची फुगीर बाजू सोलली गेली आणि आत रेतीचे कण रुतले. जखम वैद्यकीय दृष्टीने किरकोळ होती, पण पुढचे अडीच आठवडे काय झाले ते सांगणे मला आवश्यक वाटते. गुडघा खरचटला तर आपण त्याला विश्रांती देऊ शकतो, हाताला देऊ शकत नाही. तोंड धुणे, दाराची कडी काढणे, बटण लावणे, उशीवर टेकून उठून बसणे, यांतल्या प्रत्येक हालचालीत तळहात ताणला जातो आणि नुकतीच धरलेली खपली पुन्हा फाटते. माझे काम इतरांचे हात धरून व्यायाम करवून घेण्याचे असल्यामुळे त्या काळात मला ते जवळजवळ बंद ठेवावे लागले. त्यानंतर एकदा पावसात रस्त्यावरच्या रंगवलेल्या पट्ट्यावरून घसरलो, तेव्हा वेग पहिल्यापेक्षा जास्त होता, पण हातात हातमोजे होते. त्यांचा तळ एका बाजूने आरपार फाटला आणि त्याखालची कातडी नुसती लाल झाली. हातमोज्याने आपल्या जागी झिजावे, फाटावे, यासाठीच तो घालायचा असतो, आणि त्यासाठी चामड्याचा किंवा कृत्रिम स्वेडचा एक पातळ थरही पुरतो.

हातमोजे नसताना कधी पडलातच तर रुतलेले कण त्याच दिवशी काढणे महत्त्वाचे आहे. भरपूर स्वच्छ वाहत्या पाण्याखाली हात धरून, लागल्यास स्वच्छ चिमट्याने, आणि स्वतःला जमत नसेल तर डॉक्टरांकडून ते काढून घ्यावेत. डांबराचे आणि मातीचे कण आत राहून वरून कातडी भरून आली की तेथे गोंदल्यासारखा निळसर काळा डाग कायमचा राहतो. धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

आता हाडाविषयी. पसरलेल्या हातावर शरीराचा भार आपटतो तेव्हा तो आघात तळहातातून मनगटाकडे, तेथून पुढच्या हाताकडे (मनगट ते कोपर या भागाकडे), कोपराकडे आणि शेवटी खांद्याजवळच्या गळपट्टीच्या हाडापर्यंत जातो. सायकलस्वारांमध्ये गळपट्टीचे हाड इतक्या वेळा मोडण्यामागे हा एक मार्ग आहे, आणि खांद्यावर थेट पडणे हा दुसरा. हातमोज्यातली काही मिलिमीटर जाडीची गादी या आघाताला थोपवू शकत नाही. तुमचा दुसरा मित्र 'हौस' म्हणतो तेव्हा बहुधा त्याच्या मनात हेच असावे आणि तेवढ्यापुरते त्याचे म्हणणे बरोबर आहे. स्केटिंग करणारे मनगटाला कडक पट्टीचे रक्षक बांधतात आणि त्यांना त्याचा उपयोगही होतो, पण सायकलस्वाराला ब्रेक दाबायला आणि हँडल वळवायला मनगट मोकळे लागते, त्यामुळे तो उपाय इथे चालत नाही.

उलट हातमोज्यांमुळे एक फसगत होऊ शकते आणि तिच्याविषयी मला फार तळमळीने लिहावेसे वाटते. कातडी शाबूत राहिली की माणूस समजतो, काही झाले नाही. माझ्याकडे एक शिक्षक आले होते. हातमोजे घालून पडले होते, हातावर साधा ओरखडाही नव्हता, म्हणून मुरगळले असेल असे समजून त्यांनी पाच आठवडे घरी मलम चोळले आणि मग मनगट आखडले म्हणून व्यायाम शिकायला आले. अंगठा ताठ उचलला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला, दोन ताणलेल्या कंडरांच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) मध्ये एक खळगा दिसतो. त्या खळग्यात मी बोट टेकवताच ते कळवळले. व्यायाम न देता मी त्यांना तपासणीसाठी पाठवले, तेव्हा स्केफॉइड हे छोटे हाड मधोमध मोडलेले आणि जुळू न लागलेले निघाले. या हाडाला रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडच्या टोकाने आत येतो, त्यामुळे मधोमध किंवा मनगटाकडच्या टोकाला तडा गेला की मनगटाकडचा तुकडा रक्ताविना राहू शकतो, आणि उशीर झाला तर तो मरूही शकतो. शिवाय हा तडा पहिल्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून संशय असेल तर हात प्लास्टरमध्ये किंवा आधारपट्टीत ठेवून साधारण १० ते १४ दिवसांनी एक्स-रे पुन्हा काढतात, किंवा आधीच एमआरआय करतात. पडल्यानंतर त्या खळग्यात दाबून दुखत असेल, तर कातडी कितीही चांगली दिसो, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवून यावे. जाता जाता आणखी एक सांगतो: हातात अंगठी असेल तर पडल्यावर सूज चढण्याआधी ती काढावी, आणि सायकलवर निघताना घालूच नये हे अधिक बरे.

तिसरी गोष्ट नसेची, म्हणजे तुमच्या करंगळीची. मनगटाच्या करंगळीकडील बाजूला एक वाटाण्याएवढे हाड हाताला लागते. त्याच्या आणि त्यापुढच्या आकडीसारख्या हाडाच्या मधल्या अरुंद वाटेतून अल्नर नावाची नस तळहातात शिरते. या वाटेचे वर्णन फेलिक्स ग्युयों या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १८६१ मध्ये केले आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. दुर्दैवाने हँडलवर आपण नेमका याच जागेवर भार टाकतो. नस सतत दाबली गेली की करंगळीला आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला मुंग्या येतात, मग बधिरपणा येतो. या नसेची एक खोल शाखा केवळ स्नायूंना जाते. ती एकटीच दाबली गेली तर बधिरपणा मुळीच नसतो, फक्त हाताची ताकद कमी होते, आणि किल्ली फिरवताना किंवा बोटे फाकवताना ते लक्षात येते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असतील तर मात्र दुसरी नस, म्हणजे मनगटाच्या मधोमध कार्पल टनेलमधून जाणारी मिडियन नस, दाबली जात आहे. तेथे बहुतेक वेळा मनगट मागे वाकवून हँडलवर टेकणे हे कारण असते.

मग तुमच्या जाड जेलने काम का केले नाही? कारण मऊ गादी भार नाहीसा करत नाही, फक्त पसरवते, आणि ती चुकीच्या जागी असेल तर नसेवरच आणते. गादी नसेच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना असावी आणि मध्ये खोबण मोकळी राहावी, अशी चांगल्या हातमोज्यांची रचना असते. पण ती खोबण तुमच्या हातावर योग्य जागी बसते की नाही, हे हात किती लांब-रुंद आहे आणि तुम्ही हँडल कसे धरता यावर ठरते. दुसरे असे की जाड गादीमुळे मुठीत धरायच्या दांड्याची जाडी वाढते आणि मूठ अधिक जोराने आवळावी लागते. तीन तास आवळलेली मूठ नसेला आणि पुढच्या हाताच्या स्नायूंना दोघांनाही थकवते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कित्येकांना जाड हातमोजे सोडून पातळ घातल्यावर आराम पडला आहे. काहींना उलट जाडच मानवले, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

तरीही माझ्या मते बधिरपणाचे मूळ हातमोज्यांत क्वचितच असते. हातांवर एवढा भार येतोच का, हे आधी पाहावे. सीटचे पुढचे टोक थोडेसेही खाली झुकलेले असले तर शरीर पुढे घसरत राहते आणि ते रोखण्याचे काम दिवसभर हात करतात. ती समपातळीत आणण्याने जेवढा फरक पडलेला मी पाहिला आहे, तेवढा कोणत्याही हातमोज्याने पडलेला पाहिला नाही. त्यानंतर हँडल फार लांब किंवा फार खाली आहे का ते पाहावे. कोपर ताठ न ठेवता थोडे वाकलेले असावेत, म्हणजे रस्त्याचे हादरे सरळ मनगटात जाणार नाहीत. टायरमध्ये हवा गरजेपेक्षा जास्त भरली असेल तर प्रत्येक खड्डा हातापर्यंत पोहोचतो. टायरवर छापलेला कमाल आकडा ही मर्यादा आहे, तेवढी हवा भरलीच पाहिजे असे नाही. आणि दर काही मिनिटांनी हाताची जागा बदलावी. वाकड्या हँडलवर तीन-चार जागा मिळतात, सरळ हँडलवर मात्र एकच मिळते, म्हणून सरळ हँडल वापरणाऱ्यांना बधिरपणा पुष्कळदा लवकर गाठतो. त्यांनी तळहाताला रुंद आधार देणाऱ्या, पंखासारख्या आकाराच्या ग्रिप जरूर वापरून पाहाव्यात.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. सपाट रस्त्यावर दहा मिनिटांच्या संथ फेरीसाठी मी कोणावर हातमोज्यांची सक्ती करणार नाही, जरी माझा स्वतःचा अपघात अशाच फेरीत झाला असला तरी. वेग, उतार, सैल खडी, पाऊस, गर्दी यांपैकी काहीही वाढले की माझा आग्रह वाढतो. जंगलातल्या किंवा डोंगरातल्या पायवाटांवर बोटे पूर्ण झाकणारे हातमोजे घ्यावेत, कारण तेथे फांद्या आणि काटे बोटांच्या सांध्यांवर आपटतात. थंडीत बोटे झाकणे ही सुरक्षेचीच बाब आहे. हवा १० अंश सेल्सिअस असली आणि ताशी २५ किलोमीटर वेगाने वारा अंगावर येत असला, तर उघड्या कातडीला ती साधारण ७ अंशांसारखी जाणवते, आणि शून्य अंशाला तोच वारा उणे ६ अंशांसारखा वाटतो. गारठलेल्या बोटांना ब्रेकचा दाब नीट कळत नाही आणि दाबायला उशीर होतो. ज्यांची बोटे थंडीत पांढरी पडतात त्यांनी तर यात अजिबात हयगय करू नये. उन्हाळ्यात घामाने तळहात निसरडा होतो, तेव्हा पातळ, जाळीदार पाठीचे अर्धबोटी हातमोजे पकड टिकवतात आणि हाताची पाठ उन्हापासूनही वाचवतात.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मी हलका मानत नाही. पॅरिस-रूबे ही १८९६ पासून चालत आलेली शर्यत दगडी फरसबंदीच्या रस्त्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि तेथेही काही व्यावसायिक स्वार उघड्या हातांनी धावतात. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने रस्त्यावरच्या शर्यतींत २००३ मध्ये हेल्मेट सक्तीचे केले, हातमोजे मात्र तेथे ऐच्छिकच राहिले. यातला तर्क समजण्यासारखा आहे. डोक्याच्या दुखापतीने जीव जातो, तळहात सोलल्याने जात नाही, आणि उघड्या हाताला हँडलची जाणीव अधिक स्पष्ट मिळते, असे त्या स्वारांचे म्हणणे असते. परंतु त्यांचे तळहात हजारो किलोमीटरच्या सरावाने घट्टे पडून कठीण झालेले असतात, आणि शर्यतीत पडल्यावर उपचाराला डॉक्टर मागोमाग येत असतो. ज्याला पडल्यानंतर दुसऱ्या दिवशी आपल्या हातांनी काम करायचे आहे, त्याने त्यांचे अनुकरण करण्यात मला लाभ दिसत नाही.

निवडताना माप सर्वांत महत्त्वाचे. अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी तळहाताचा घेर मोजावा आणि त्यानुसार घ्यावेत. घातल्यावर हँडल धरल्यासारखी मूठ मिटावी. तळव्यावर कापडाची घडी पडत असेल तर ती पुढे फोड आणणार, आणि बोटांच्या बेचक्यात शिवण टोचत असेल तर ती तीन तासांत असह्य होणार. बोटांची टोके रिकामी लोंबणारे मोजे ब्रेकच्या दांडीत अडकतात, म्हणून ढगळ माप टाळावे. चामड्याने हाताला खाज किंवा पुरळ येत असेल तर ते कमावताना वापरलेल्या क्रोमियमची ती ॲलर्जी असू शकते, अशा वेळी कृत्रिम तळव्याचे घ्यावेत. घामट हातमोजे न धुता वापरत राहिल्यास कातडीला त्रास होतो. वेल्क्रो बंद करून सौम्य साबणाने धुवावेत आणि सावलीत वाळवावेत. तळवा पातळ होऊन आरपार दिसू लागला, किंवा एकदा जोरात पडून शिवण उसवली, की ते बदलावेत. जुने स्वार चालत्या सायकलवर हातमोज्याच्या तळव्याने टायरवरची काच झटकतात. नवख्याने हे करू नये, विशेषतः मागच्या चाकाला, कारण टायर आणि सीटखालची नळी यांच्यामध्ये हात ओढला जाऊ शकतो.

तुमच्यापुरते सांगायचे तर हातमोजे घालणे सोडू नका, पण सध्याचे जाड जेलचे बाजूला ठेवून पातळ तळव्याचे घ्या. त्याआधी सीट समपातळीत आहे का ते तपासा आणि टायरमधली हवा थोडी कमी करून पाहा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. बधिरपणा सायकलवरून उतरल्यावर काही मिनिटांत जातो की रात्रीपर्यंत राहतो, हे दोन आठवडे टिपून ठेवा. करंगळीच्या बाजूने हाताची पाठसुद्धा बधिर होते का, हेही पाहा. तेथली संवेदना नेणारी शाखा मनगटाच्या काही सेंटिमीटर आधी, कोपराच्या बाजूलाच मूळ नसेपासून वेगळी होते, म्हणून पाठ बधिर होत असेल तर दाब हँडलवर नसून कोपरापाशी असण्याची शक्यता जास्त, आणि मग हातमोज्यांचा प्रश्नच उरत नाही. आठवड्यातून एकदा दोन्ही हातांचा अंगठा आणि तर्जनीची कड यांच्यामध्ये एक कागद सपाट धरा आणि दुसऱ्याला तो हळूच ओढायला सांगा. त्रास होणाऱ्या हाताच्या अंगठ्याचे टोक कागद धरून ठेवण्यासाठी वाकू लागले, किंवा बधिरपणा दुसऱ्या सकाळपर्यंत टिकू लागला, तर लांबच्या फेऱ्या थांबवून हाताच्या तज्ज्ञाला दाखवा. वेळेत दाब काढला तर ही नस बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरते, आणि तोपर्यंत रोजची तासाभराची फेरी, हात वारंवार हलवत, चालू ठेवायला हरकत आहे का, ते तपासणीनंतर तुम्हाला तेथेच सांगतील.